खिशात राहिलेली चिठ्ठी

पाठबाई कागद हातात द्यायच्या, पण लगेच सोडायच्या नाहीत. कागदाचं एक टोक आपल्या चिमटीत, दुसरं त्यांच्या. "आता म्हणा," म्हणायच्या. चिठ्ठीत लिहिलेलं तुम्ही तीनदा तोंडाने म्हणून दाखवलंत की मग त्यांची चिमूट सुटायची. तोवर मागे रांग कितीही वाढो, कोणी कण्हत असो, नाहीतर कोणाची गाडी चुकत असो. "कागद भिजेल, हरवेल, शेळी खाईल. तोंड तर बरोबर घेऊन जाल ना?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. म्हणून गावाने त्यांचं नाव पाठबाई ठेवलं. हजेरीवर त्या नलिनीबाई होत्या, आमच्या बदलापूर गावातल्या दवाखान्याच्या नर्स. पण पोस्टमनसुद्धा पत्र घेऊन आला की पाठबाई कुठे असंच विचारायचा.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि पुढे ओटी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस बाईच. आता चिखलोलीवरून स्टेशनकडे येताना हॉस्पिटलांच्या पाट्या वाचत बसलो तर मान दुखून येते. हाडांचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं, नुसत्या मूळव्याधीचंही आहे. त्या वेळी विंचू, ताप, बाळंतपण, सगळ्याला ती एकच ओटी. तिथे भागलं नाही तर अंबरनाथ, नाहीतर उल्हासनगर. त्याच्यापुढे मुंबई म्हटलं की घरातल्या बाया आधीच रडायला लागायच्या.

बाईंच्या चिठ्ठीची एक तऱ्हा होती. वहीचं अर्धं पान, चौकोनी घडी आणि खालचा एक कोपरा निळ्या पेन्सिलीने रंगवलेला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात त्यांच्या ओळखीचा एक मामा होता, शहाडचा. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामाच म्हणतात. तो चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवायचा, निळा कोपरा फाडायचा आणि परत येणाऱ्या जीपवाल्याच्या हातावर ठेवायचा. संध्याकाळी तो कोपरा बाईंकडे. वाणी बिलं खोवतो तशा त्या तो तारेत खोवायच्या. कोपरा आला म्हणजे आपला माणूस पोचला आणि डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली.

कोपरा आला नाही तर बाई घरी जायच्या नाहीत. किराणा दुकानातून उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या औषधाच्या दुकानात फोन लावायच्या. शेठचा आवाज असा की फोन नसता तरी बदलापूरला ऐकू आला असता. "अरे, बाई का आदमी पहुँचा क्या? कोई दौड़ के देख के आओ!" मी एकदा शेठना विचारलं होतं, यात तुमचा काय फायदा? "फायदा क्या भाऊ, नहीं देखा तो बाई डाँटती है," म्हणाले. आणि हसले. बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हॉस्पिटल कितीही मोठं बांधा दादा, कोण आलंय आणि त्याला काय होतंय हे कोणीतरी आत सांगावंच लागतं."

आता माझ्याबद्दल. मी चौथी नापास. अंबरनाथला फॅक्टरीत बॉयलरवर होतो, घरची भातशेती होती, गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. मला कोणी शिकवलेलं खपत नसे. आजही खपत नाही. नात म्हणते, आजोबा, शुद्धलेखन तपासून देते. तिला सांगितलं, वेलांट्या बघ, वाक्याला हात लावू नकोस. ती असंही म्हणाली की बाईंच्या चांगल्या आठवणी लिहा. चांगल्याच लिहितोय. यात वाईट जे आहे ते माझं आहे.

बाईंचं आणि माझं पहिल्यापासून जमलं नाही. एक तर त्या बोलायच्या घाटावरचं सरळसोट. आणि मी पंचांपैकी आहे याचं त्यांना काहीच नव्हतं. मी ओटीवर गेलो की लोक सरकून जागा द्यायचे. बाई मान वर न करता म्हणायच्या, "दादा, रांग तिकडून सुरू होते." मी रांगेत कधी उभा राहिलो नाही. तसाच परत फिरायचो आणि ताप अंगावर काढायचो. वर बायकोला सांगायचो, तुझ्या त्या बाईच्या औषधावाचून बरा झालो बघ.

माझी बायको अनसूया मात्र त्यांची लाडकी. एका वर्षी तिच्या पाठीला गळू झालं. बाईंनी पेनिसिलीनच्या इंजेक्शनआधी हाताला थेंबभर टोचून पाहिलं, तर हात कोपरापर्यंत भाकरीसारखा फुगला. बाई दुपारभर तिच्याजवळ बसून राहिल्या, नाडी धरून. संध्याकाळी मी कामावरून आलो. बायको म्हणाली, "बाई म्हणाल्या, हे औषध तुला चालत नाही. जिथे पाठवीन तिथे लिहून देईन." मी काय म्हणालो? "सुई टोचता येत नाही, आता औषधाला नावं ठेवते." वर हसलोसुद्धा. ते हसणं मला आता आठवतं.

पुढच्या वर्षी शेतात अनसूयेच्या पायात गंजका खिळा घुसला. तिने हळद भरली, मी म्हटलं होईल बरं. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत लाल झाला आणि ती तापात बरळायला लागली. भर दुपारी खाटेवर घालून दवाखान्यात आणली. ओटी भरलेली होती. बाईंनी पाय बघितला, ताप बघितला आणि जीपवाल्याला हाक मारली. "उल्हासनगर. आत्ताच्या आत्ता." मग चिठ्ठी लिहून माझ्यापुढे धरली. टोक त्यांच्या चिमटीत होतंच.

"दादा, सगळं नको. एवढंच म्हणा. पेनिसिलीन चालत नाही."

मी म्हणायला गेलो. जीभ वळेना. दोनदा काहीतरी भलतंच बाहेर पडलं. रांगेतला पांडू, ज्याला मी पंचायतीत दोनदा खाली बसवलं होतं, तो म्हणाला, "बाई, चौथीत गचकलाय तो. त्याला सोप्पं द्या काहीतरी!" ओटीवर लोक हसले. माझी बायको जीपमध्ये बरळतेय आणि गाव मला हसतंय.

"बायको मरतेय आणि तुम्ही शाळा घेताय?" मी इतक्या जोरात ओरडलो की एक पोर रडायला लागलं. "तुमच्यासारख्या छप्पन्न नर्सा फॅक्टरीच्या साहेबापुढे उभ्या राहतात!"

बाईंनी पुन्हा पेन उचललं. चिठ्ठी मागे घेतली, गुडघ्यावर ठेवून खाली आणखी काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. पाठ न घेता. त्यांची चिमूट तशी सुटलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मी ठरवूनच टाकलं की ते खाली लिहिलं ते माझ्याविरुद्ध. हा माणूस आडदांड आहे, ओरडतो, असं काहीतरी. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत होती, जीपमध्ये अंबरनाथ येईपर्यंत वाचून झाली असती. पण उघडून वाचायची म्हणजे बाईंची शाळा मान्य केल्यासारखं. मी ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली.

हॉस्पिटलात शहाडचा मामा पुढे आला. "पाठबाईंकडचे का? चिठ्ठी द्या." मी म्हटलं, "कसली चिठ्ठी? मला फॅक्टरीच्या साहेबांनी पाठवलंय." साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. पण आम्हाला तेव्हा वाटायचं की मोठ्या माणसाचं नाव घेतलं की खाट लवकर मिळते. नर्सच्या कागदाला कोण विचारतो? खाट तर ज्याला गरज त्याला मिळतच होती, आम्हालाही लगेच मिळाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नीट विचारलं, "यांना आधी कुठल्या इंजेक्शनने सूज, पुरळ, काही त्रास झालाय का? आठवून सांगा."

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "नाही म्हणजे नाही."

आधी थेंबभर टोचून बघतात, त्या थेंबानेच अनसूयेचे ओठ सुजले, श्वास कोंडला. लोक धावले, पडदा ओढला गेला. पडद्याखालून मला नुसते पाय दिसत होते, इकडून तिकडे पळणारे. ती वाचली. त्या तरुण डॉक्टरने वाचवली. घामाने भिजून बाहेर आले आणि म्हणाले, "तुमच्या गावच्या नर्सला हे माहीत होतं का? त्यांनी लिहून द्यायला हवं होतं." माझा हात खिशाकडे गेला. खिशापर्यंत गेला, खोटं कशाला सांगू? आणि तिथून परत आला. "काही दिलं नाही त्यांनी," मी म्हणालो. संध्याकाळी कोपरा आला नाही म्हणून बाईंनी फोन लावला, तेव्हा शेठच्या दुकानातून धावत आलेल्या माणसालाही मी तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मागच्या नळाजवळ उभं राहून मी ती चिठ्ठी वाचली. अक्षर अक्षर लावत. पेनिसिलीनचं होतं, खाली ओळ मारलेली. आणि शेवटी ती माझ्याविरुद्धची म्हणून धरलेली ओळ. ती वाचून मी नळ उघडला आणि डोकं त्याच्याखाली धरलं. त्या ओळीचं मागून सांगतो. आता लिहायला घेतलं तर पुढचं लिहून व्हायचं नाही.

तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं. चिठ्ठी दाखवली असती तर गावाला कळलं असतं की पालखीला पहिला खांदा देणाऱ्याने स्वतःच्या बायकोला मरणाच्या दारात नेलं, तेही पांडू हसला म्हणून.

आठवड्याने वरचे एक साहेब चौकशीला आले. ओटीवर खुर्ची टाकून बसले. गाव जमलं. बाई म्हणाल्या, चिठ्ठी दिली. मी म्हणालो, नाही दिली. काहीतरी लिहिताना बघितलं होतं लोकांनी, पण कागद कोणाच्या हातात गेला ते कोणी शपथेवर सांगेना. पांडूसुद्धा खाली बघत राहिला. माझ्याशी वैर होतं, पण बाई बाहेरच्या आणि मी गावचा. मग साहेबांनी ती तार मागवली. कोपरे चाळले. "बाई, तुमचाच नियम ना? चिठ्ठी गेली असती तर कोपरा परत आला असता."

बाईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाल्या, "मी पाठ म्हणून घेतली नाही. ते माझं चुकलं."

मुरबाडच्या पुढे डोंगरातल्या एका उपकेंद्रात त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी बाया त्यांना पोचवायला जमल्या. अनसूया गेली नाही. तिला वाटत होतं बाईंनी वचन मोडलं. मग बाईच आमच्या दारात आल्या, जीप थांबवून. मी आत पडवीत होतो, बाहेर आलो नाही. त्यांनी अनसूयेला उंबऱ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, रागावा माझ्यावर, पण एवढं म्हणा. पेनिसिलीन चालत नाही." रागारागाने का होईना, अनसूयेने तीनदा म्हटलं. प्रत्येक वेळी आत मला ऐकू आलं. जीप गेली.

त्यानंतर आमच्याकडे हॉस्पिटलांचं पीकच आलं. दवाखान्याच्या जागी पक्की इमारत झाली. स्टेशनजवळ, हायवेला, जिकडे बघाल तिकडे काचा लागल्या. फोन खिशात आले, अँब्युलन्स दारात यायला लागली, सरकारी कार्डावर ऑपरेशनं होऊ लागली. मी दरवेळी स्वतःला सांगायचो, आता बाईंच्या चिठ्ठीचं काय राहिलं? जमाना गेला तो. आणि चिठ्ठी माझ्या फॅक्टरीच्या पासमागे तशीच. रिटायर झालो, पास परत दिला, चिठ्ठी पाकिटात आली. पाकिटं चार बदलली.

यंदा अनसूयेच्या गुडघ्यासाठी चिखलोलीच्या नव्या हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघत म्हणाली, "आजी, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का?"

"पेनिसिलीन चालत नाही," अनसूया म्हणाली. न अडखळता. मग कौतुकाने सांगायला लागली, "एकदा मेलेच होते मी. आमच्या नर्सबाईला ठाऊक होतं, पण लिहून द्यायला विसरली मेली."

तीस वर्षांनी. कोणा तिऱ्हाईत पोरीला. आणि मी शेजारी फाइल धरून उभा.

त्या पोरीने अनसूयेच्या मनगटाला त्या औषधाचं नाव लिहिलेली लाल पट्टी बांधली. पुढे तपासणीच्या खोलीत एक तरुण नर्स आली. गोळ्यांची चिठ्ठी तिने अनसूयेपुढे धरली आणि सोडलीच नाही. "म्हणा आजी. सकाळची कुठली? तीनदा म्हणायचं."  मी विचारलं, हे कोणी शिकवलं तुला? ती म्हणाली, "आमच्या नलिनी मॅडम. रिटायर झाल्यावर आम्हाला शिकवायच्या. अंबरनाथला असतात, भाच्याकडे. खूप कडक हां, आजोबा."

बाहेर बाकावर बसून मी अनसूयेला सगळं सांगितलं. चिठ्ठी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नाही, पण ती घडी तिने ओळखली. तिने निळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.  मग म्हणाली, "मी मेले असते त्याचं काही नाही. पण तुम्ही मला त्या बाईला तीस वर्षं शिव्या घालायला लावल्यात." आणि उठली. "रिक्षा बोलवा. अंबरनाथ."

बाई आता वाळल्यात. पांढऱ्या केसांचा बारका अंबाडा, चष्म्याला दोरी. दार उघडल्यावर त्यांनी आधी अनसूयेचं मनगट बघितलं, लाल पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं." मग माझ्याकडे. "दादा, म्हातारे झालात."

"चिठ्ठी माझ्याच खिशात राहिली होती, बाई," मी म्हणालो. चिठ्ठी दिली. त्यांनी ती उलगडली नाही. आधी अंगठ्याने कोपरा चाचपला. जागच्या जागी होता. मग खाली बसल्या.

"म्हणजे मी लिहिली होती," बाई म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "मुरबाडला गेल्यावर मी दरेक चिठ्ठीला कार्बन घालायला लागले, दादा. लोकांना वाटायचं बाई फार शिस्तीच्या. शिस्त कसली. साहेब नाही म्हणाले, डॉक्टर नाही म्हणाले, तुम्ही तर बायकोच्या खाटेजवळ होतात, तुम्ही कशाला खोटं बोलाल? मला वाटलं, मीच लिहायला विसरले आणि लिहिल्याचं मनाने घेतलं. रिटायर होईपर्यंत माझाच माझ्यावर भरवसा नव्हता."

बदलीचं मला माहीत होतं, त्याचं ओझं मी वाहत होतो. हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "ते नको. वाकून काय होतंय? माझ्यापुढे बोललात, आता गावापुढे बोला." म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी ओटीवर जे जमले होते त्यातले आता थोडेच उरलेत. पांडूही गेला. पण जे आहेत त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी वाचावं. पाठबाईंनी चिठ्ठी दिली होती. माझ्या खिशात होती. खोटं मी बोललो.

निघताना बाईंनी मला थांबवलं. चिठ्ठी उलगडली, एक टोक माझ्या चिमटीत दिलं, दुसरं स्वतःच्या धरलं.

"म्हणा."

इतक्या वर्षांत ती मला तोंडपाठ झाली होती. मी म्हटली. "अनसूया, वय अडतीस. पायात खिळा, तीन दिवस ताप. पेनिसिलीन चालत नाही. मागे थेंबभराने हात सुजला होता, मी स्वतः पाहिला आहे." आणि थांबलो.

"खालची ओळ राहिली, दादा."

"ती माझ्याने म्हणवत नाही, बाई."

"तीनदा म्हणायची असते."

अनसूया माझ्याकडे बघत होती. ती ओळ तिने अजून ऐकलेली नव्हती. मी कागदाकडे न बघता म्हटलं, "नवरा सोबत आहे. तापट आहे, पण बायकोवर जीव आहे. त्याच्यावर ओरडू नये, समजावून सांगावं."

एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाजच फुटेना. बाईंनी कागदाचं टोक सोडलं नाही. थांबून राहिल्या, ओटीवर थांबायच्या तशाच.